डेजॉनमधले पहिले वर्ष: कागदपत्रे, वर्ग आणि रोजचे लहान आनंद

दक्षिण कोरियात शिकवायला जायचे म्हटले की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. भारतीयांना तिथे शिकवण्याची नोकरी मिळते का, आणि मिळालीच तर शाकाहारी माणसाचे तिथे कसे निभावते? पुण्यात बसून मी या प्रश्नांची उत्तरे शोधत होते, तेव्हा मराठीत फारसे काही हाती लागले नव्हते. आता डेजॉन शहरातल्या एका विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवायला लागून वर्ष झाले आहे, म्हणून घडले ते क्रमाने लिहून ठेवते. कागदपत्रांचा भाग मुद्दाम तपशिलाने लिहिला आहे, कारण निघण्यापूर्वी मला सर्वांत मोठी धास्ती त्यांचीच होती. मात्र इथे मला धरून ठेवले ते रोजच्या बारीकसारीक गोष्टींनी, आणि त्यांच्याविषयी कोणी सांगत नाही, म्हणून त्यांनाही या लेखात तितकीच जागा दिली आहे.

आधी व्हिसाविषयी. इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. भारत आणि कोरिया यांच्यातला सर्वसमावेशक आर्थिक भागीदारी करार २०१० पासून लागू असून, त्याखाली शिक्षकाची पात्रता असलेल्या भारतीयांना सरकारी शाळांत साहाय्यक इंग्रजी शिक्षक म्हणून जाण्याची वाट आहे. ती वापरणारे फार थोडे असले, तरी बी.एड. झालेल्यांनी तिची चौकशी अवश्य करावी. माझी वाट वेगळी होती. विद्यापीठात शिकवणाऱ्यांना ई-१ व्हिसा मिळतो, आणि त्याला राष्ट्रीयत्वाची अशी अट नाही. पदवी आणि विद्यापीठाचे नियुक्तिपत्र मात्र चोख लागते.

नोव्हेंबर २०२२ मध्ये माझी निवड झाली आणि विद्यापीठाने पीएच.डी. व पदव्युत्तर पदवीच्या प्रमाणपत्रांवर अपोस्टिल, म्हणजे परदेशात ग्राह्य धरले जाणारे सरकारी प्रमाणीकरण, मागितले. आपल्याकडे आधी राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, असा त्याचा क्रम आहे. अपोस्टिलचे सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे, पण हे काम एजन्सीमार्फत करावे लागत असल्याने सेवाशुल्क, कुरिअर आणि राज्य पातळीवरचा खर्च धरून माझे दोन प्रमाणपत्रांमागे साडेसात हजार रुपये आणि जवळजवळ पाच आठवडे गेले. ज्यांना पुढेमागे परदेशी शिकवायचे आहे त्यांनी निवडीची वाट न पाहता हे काम आधीच उरकावे, असे मी आग्रहाने सांगेन. विद्यापीठाला हवा असलेला पोलीस दाखला पासपोर्ट सेवा केंद्रातून ५०० रुपयांत मिळाला.

जानेवारीत क्षयरोगाची तपासणी झाली. दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी ज्या देशांच्या नागरिकांना कोरिया २०१६ पासून हा दाखला मागतो, त्यांत भारत आहे, आणि दूतावासाने नेमून दिलेल्या रुग्णालयांचाच दाखला चालतो. आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून एक्स-रे काढून घेण्यात पैसे घालवू नयेत. सगळे कागद घेऊन मी मुंबईतल्या कोरियाच्या वाणिज्य दूतावासात अर्ज दिला. एका प्रवेशाच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाचे शुल्क ६० डॉलर आहे आणि ते रुपयांत भरता येते. दोन आठवड्यांनी पासपोर्ट हातात आला. त्या दोन आठवड्यांत मी भांडी घासताना, गाडी चालवताना, सारखी मनातल्या मनात कागद मोजत होते.

इथे नावाविषयी एक सूचना करते. आपल्याकडच्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाच्या रकान्यात बहुतेकदा वडिलांचे किंवा पतीचे नावही असते, त्यामुळे कोरियातल्या प्रत्येक अर्जावर आपले नाव लांबलचक होते आणि कधी कधी चौकटीत मावत नाही. कोरियात पोहोचल्यावर काढाव्या लागणाऱ्या परकीय नागरिक नोंदणीपत्रावर नाव जसे छापून येईल, अगदी तसेच, त्याच क्रमाने आणि तितक्याच मोकळ्या जागा सोडून, बँकेत आणि मोबाइल कंपनीत नोंदवावे. या तीन ठिकाणी अक्षराचा फरक पडला तर ऑनलाइन ओळख पटत नाही, आणि कोरियात बसची वेळ पाहण्यापलीकडची जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या ओळखीवर चालते.

२४ फेब्रुवारी २०२३ रोजी मी दिल्लीमार्गे इंचॉनला उतरले आणि विमानतळावरून थेट डेजॉनची बस धरली. विभागाचा तरुण सहायक बसथांब्यावर माझ्या नावाचा कागद धरून उभा होता. विद्यापीठाच्या अतिथिगृहातल्या खोलीत मी बूट काढून पाऊल टाकले आणि तळव्यांना ऊब लागली. ओंदोल, म्हणजे जमिनीखालून घर तापवण्याची पद्धत, मी वाचली होती, पण बाहेर शून्याखाली तापमान असताना उबदार जमिनीवर मांडी घालून डबा उघडण्याचे सुख वाचून कळण्यासारखे नाही. बसायला खुर्ची लागत नाही, ही आपल्या माणसाला या देशाने दिलेली पहिली सवलत आहे.

१ मार्च ही १९१९ च्या स्वातंत्र्य चळवळीच्या स्मरणाची सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी देशभरची विद्यापीठे उघडतात. सत्र सोळा आठवड्यांचे असते, आठव्या आठवड्यात मधली परीक्षा आणि शेवटी अंतिम परीक्षा. माझा अभ्यासक्रम इंग्रजीतून होता. पहिल्या तासाला चाळीसेक मुलामुलींनी मान लववून नमस्कार केला आणि पुढची पंचाहत्तर मिनिटे कोणी चकार शब्द काढला नाही. त्याविषयी पुढे सांगते.

परकीय नागरिक नोंदणीपत्र नव्वद दिवसांच्या आत काढावे लागते. हायकोरिया या सरकारी संकेतस्थळावर वेळ आरक्षित करायची असते, आणि मार्चमध्ये सगळीकडून विद्यार्थी व शिक्षक येत असल्याने मला साडेतीन आठवड्यांनंतरची वेळ मिळाली. येण्याच्या दिवशीच आरक्षण करावे, ही माझी सूचना. शुल्क ३०,००० वॉन होते. त्या वेळी हजार वॉन म्हणजे साधारण ६२-६३ रुपये. कार्यालयात बोटांचे ठसे घेतले, नियुक्तिपत्र, निवासाचा पुरावा आणि फोटो पाहिले, आणि वीस मिनिटांत काम झाले. कार्ड एप्रिलच्या मध्यात आले. तोपर्यंत बँकेचे खाते मर्यादित प्रकारचे होते, म्हणजे ऑनलाइन किंवा एटीएममधून दिवसाला ३ लाख वॉनपर्यंतच पैसे पाठवता येत, आणि मोबाइल स्वतःच्या नावावर नसल्याने ऑनलाइन खरेदी जवळजवळ बंद होती. ही अवस्था प्रत्येक नव्या माणसाची होते. तिची भीती बाळगू नये. फक्त निघताना दोन महिने पुरेल इतकी रक्कम हाताशी ठेवावी.

त्या वाट पाहण्याच्या दिवसांत मी ज्या गोष्टींना कार्ड लागत नाही त्यांचा शोध घेतला, आणि पुढे पाहिले तर त्याच माझ्या सर्वांत लाडक्या ठरल्या. डेजॉनच्या युसॉंग भागात गरम पाण्याचे झरे आहेत आणि रस्त्याच्या कडेला पाय बुडवून बसण्यासाठी उघडी कुंडे बांधली आहेत. ती विनामूल्य आहेत. शेजारी कुलुपाच्या पेट्या नि पाय धुण्याचे नळ आहेत. टॉवेल तेवढा आपला न्यावा. मार्चच्या बोचऱ्या संध्याकाळी, शिकवून दमल्यावर, मी तिथे जाऊन बसत असे. शेजारी निवृत्त आजोबा, शाळेतून आलेल्या मुली, एखादी आई मांडीवर बाळ घेऊन, सगळ्यांचे पाय एकाच वाफाळत्या पाण्यात. कोणी कोणाला काही विचारत नाही आणि तरी एकटे वाटत नाही.

दुसरा शोध युसॉंगच्या बाजाराचा. तो ज्या तारखांच्या शेवटी ४ किंवा ९ असते त्या दिवशी भरतो, म्हणजे ४, ९, १४, १९, २४ आणि २९. पाच दिवसांनी भरणारा हा बाजार शंभराहून अधिक वर्षे जुना आहे. बायका जमिनीवर फडके पसरून पालक, मुळा, लसूण आणि वसंतात रानातून खुडून आणलेल्या पालेभाज्या विकतात, आणि वाटा घेतला की वर मूठभर जास्तीचे टाकतात. ती वरची मूठ पाहून मला तिथल्या तिथे बरे वाटले. चॉंगयांग नावाची हिरवी मिरची आपल्या ठेच्याला अगदी योग्य आहे. कोथिंबीर सर्वत्र मिळत नाही, पण विद्यापीठांच्या आसपास भारतीय किराणा दुकाने आहेत, कारण या शहरात संशोधन संस्था पुष्कळ आणि त्यामुळे भारतीय संशोधकही बरेच. तूरडाळ, गूळ, पोहे तिथे मिळतात.

बाहेर खाताना शाकाहाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. "गोगी प्पेगो जुसेयो", म्हणजे मांस वगळून द्या, हे वाक्य पाठ करावे. त्याने बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घातलेला भात, निश्चित होतो. पण रस्सा सुकवलेल्या माशांचा असतो आणि तो त्या वाक्याने टळत नाही, म्हणून सूप व रश्श्याच्या पदार्थांसाठी वेगळे विचारावे. पाणी फुकट, बक्षिशी देण्याची पद्धत नाही, आणि ताटाभोवतीच्या छोट्या वाट्या रिकाम्या झाल्या की मागाव्यात तितक्या वेळा भरून मिळतात. मोड आलेल्या सोयाबीनची तिळाच्या तेलातली कोशिंबीर मी किती वेळा मागून घेतली असेल!

आता वर्गाविषयी. कोरियन विद्यार्थी गप्प बसतात, कारण सर्वांसमोर चुकीचे बोलणे त्यांना फार अवघड वाटते आणि प्राध्यापकांचा वेळ आपण घेऊ नये असेही त्यांच्या मनात असते. हे मला विभागातल्या ज्येष्ठ प्राध्यापिकांनी समजावून सांगितले. त्यांच्या सांगण्यावरून मी प्रश्न आधी कागदावर लिहायला, मग शेजाऱ्याशी बोलायला आणि शेवटी वर्गाला सांगायला देऊ लागले, तेव्हा हळूहळू आवाज फुटू लागले.

एप्रिलमध्ये संभाव्यता शिकवायची होती. नाणी आणि फासे सोडून मी युन्नोरी हा त्यांचा चांद्र नववर्षाचा खेळ घेतला. त्यात एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने गोलसर अशा चार काठ्या फेकतात. एक सपाट बाजू वर आली तर एक घर, दोन आल्या तर दोन, तीन आल्या तर तीन, चारही आल्या तर युत, म्हणजे चार घरे, आणि चारही गोल बाजू वर आल्या तर मो, म्हणजे पाच घरे. काठीच्या दोन्ही बाजू सारख्याच शक्य मानल्या, तर युत आणि मो यांची संभाव्यता सारखी, सोळात एक. मग पाच घरे मोलाच का? मी फळ्यावर एवढेच लिहिले आणि प्रत्येक गटाला काठ्या देऊन शंभर वेळा फेकायला सांगितले. वर्गात इतका गलका झाला की शेजारच्या खोलीतून कोणीतरी डोकावून गेले. आकडे एकत्र केले तेव्हा युत मोपेक्षा स्पष्टपणे जास्त वेळा आले होते. मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचा आवाज मी तोवर ऐकला नव्हता, उभा राहिला, काठी बोटावर तोलून दाखवली आणि तुटक इंग्रजीत सांगू लागला की ती गोल पाठीवर स्थिरावणे अधिक सोपे आहे, म्हणून सपाट बाजू वर येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. खाली बसण्याआधी त्याने विचारले, "ग्योसूनिम, मग ज्यांनी हा खेळ रचला त्यांना हे ठाऊक होते का?" ग्योसूनिम म्हणजे प्राध्यापक, आदराने. मी त्यांना माझ्या आजोळी सोंगट्यांच्या पटावर टाकत असत त्या कवड्यांविषयी सांगितले. कवडीही दोन्ही बाजूंनी सारखी नसते, आणि तिच्या दानांचे मोलही कोणीतरी पिढ्यान्‌पिढ्या खेळून ठरवलेले असणार. तास संपला तरी अर्धा वर्ग जागेवरच होता. शिकवण्याच्या कामात असे तास थोडे येतात. मी त्यांच्यासाठी हे काम करते.

नोंदणीपत्र आल्यावर दारे भराभर उघडली. मोबाइल नावावर झाला, खात्याची मर्यादा पगाराच्या पावत्या दाखवून वाढली आणि सार्वजनिक ग्रंथालयाचे कार्ड विनाशुल्क मिळाले. मुलांच्या दालनातली मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तके माझी कोरियन शिकण्याची पहिली पाठ्यपुस्तके झाली. हानगुल लिपी देवनागरी वाचणाऱ्याला फार लवकर येते, कारण क-ख, त-थ, प-फ असा अल्पप्राण-महाप्राणाचा भेद आपल्या कानाला उपजत कळतो. शहराच्या ताश्यू या सार्वजनिक सायकली पहिला तासभर विनामूल्य असतात, आणि गाप्चॉन नदीच्या काठाने सलग सायकलमार्ग आहे. बसचे भाडे २०२३ साली कार्डाने १,२५० वॉन होते. उतरतानाही कार्ड टेकवले तर पुढची बस किंवा मेट्रो बदलताना सवलत मिळते, हे नवे लोक विसरतात.

पगारातून आरोग्य विमा कापला जातो. २०२३ साली त्याचा दर ७.०९ टक्के होता आणि निम्मा भार संस्था उचलते. निवृत्तिवेतनाच्या तेव्हाच्या ९ टक्क्यांतही तसेच निम्मेनिम्मे. भारत आणि कोरिया यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार २०११ पासून लागू असल्याने देश कायमचा सोडताना भारतीयांना ही निवृत्तिवेतनाची रक्कम परत मागता येते. पावत्या जपून ठेवाव्यात. विम्यात प्रौढांना वर्षातून एकदा दात साफ करून घेण्याचा खर्चही बसतो, हे मला एका विद्यार्थिनीने सांगितले.

१५ मे हा तिथला शिक्षक दिन, राजा सेजॉंग यांचा जन्मदिवस. २०१६ साली लागू झालेल्या भ्रष्टाचारविरोधी कायद्यामुळे विद्यार्थी शिक्षकांना भेट देऊ शकत नाहीत. गुण देणाऱ्याने विद्यार्थ्याकडून कॉफीसुद्धा घ्यायची नाही, असे विभागाने आम्हा नव्यांना आधीच बजावले होते. वर्गप्रतिनिधीने सर्वांसमोर कार्नेशनचे फूल दिलेले चालते. त्या सकाळी टेबलावर एक फूल आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांची चळत होती. एका चिठ्ठीवर सोळा खाने आखून दान पडण्याच्या सगळ्या शक्यता लिहिल्या होत्या आणि खाली फक्त "आता समजले" असे होते. ती मी भिंतीला लावली आहे.

जूनमध्ये गुण द्यायचे काम आले. पुष्कळ विद्यापीठांत वर्गातल्या ठरावीक टक्क्यांनाच वरची श्रेणी देता येते, आणि ते मनाला जड जाते. त्याला इलाज नाही.

उन्हाळ्यात मी अतिथिगृह सोडून एका खोलीचे घर घेतले. अनामत ३० लाख वॉन, भाडे महिन्याला ३ लाख ८० हजार. पत्ता बदलल्याची नोंद पंधरा दिवसांच्या आत करावी, नाहीतर दंड होतो. कचऱ्यासाठी नगरपालिकेच्या ठरावीक पिशव्या विकत घ्याव्या लागतात, ओला कचरा वेगळा, प्लास्टिक व काच धुऊन वेगळी. घरमालकीण आजी तळमजल्यावर राहतात. त्यांनी पहिल्या आठवड्यात डब्यांसमोर उभे राहून मला प्रत्येक वस्तू कुठे जाते ते दाखवले, आणि मी वर्गीकरण नीट केले की त्या खिडकीतून अंगठा दाखवतात.

सप्टेंबरमध्ये आजींमुळेच माझे मोदक झाले. त्या वर्षी गणेश चतुर्थी १९ तारखेला होती आणि कोरियाचा छुसॉक, म्हणजे सुगीचा सण, २९ ला. त्यांचा चांद्र महिनाही अमावास्येनंतर सुरू होतो आणि छुसॉक आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी येतो, त्यामुळे तो आमची भाद्रपद पौर्णिमाच होता. आजींनी मला बाजारातल्या गिरणीत नेले. तिथे भिजवलेले तांदूळ मीठ घालून ओले दळतात. आम्ही बिनमिठाचे मागून घेतले. ते पीठ ओलसर असल्याने उकडीला नेहमीपेक्षा पाणी बरेच कमी लागते, आणि तांदूळ मुळात चिकट असल्याने कळ्या न फाटता उभ्या राहतात. इथे मोदक करणाऱ्यांनी हे जरूर करून पाहावे. पुढच्या आठवड्यात आजींनी मला सोंगप्योन शिकवले. तांदळाची उकड, आत तीळ आणि साखर, अर्धचंद्राचा आकार, आणि चाळणीत पाइनच्या सुया पसरून त्यांवर वाफवणे. माझा हात पारीवर सहज फिरताना पाहून त्यांनी सुनेला हाक मारून दाखवले. त्या रात्री साडेनऊला, पुण्यात संध्याकाळचे सहा वाजले असताना, आई आणि आजी फोनवर समोरासमोर आल्या. एकीला मराठी येत होते आणि दुसरीला कोरियन, आणि दोघी पारी किती पातळ असावी यावर बराच वेळ हातवारे करून बोलल्या.

नोव्हेंबरच्या अखेरीस घरोघर किमची, म्हणजे मुरवलेली तिखट कोबी, घालतात. एरवी तिच्यात माशाचे खारवण असते. आजींनी ते न घालता, फक्त मीठ, मिरची, लसूण आणि नाशपती घालून एक लहान डबा माझ्यासाठी वेगळा केला आणि झाकणावर माझे नाव हानगुलमध्ये लिहून ठेवले.

मुक्कामाची मुदत संपण्याच्या चार महिने आधीपासून वाढीचा अर्ज करता येतो. मी जानेवारी २०२४ मध्ये केला. नवा करार, कर भरल्याचा दाखला आणि घराचा भाडेकरार लागला. ऑनलाइन अर्ज केल्याने रांगेत उभे राहावे लागले नाही आणि दहा दिवसांत मंजुरी आली. मार्चच्या सत्रासाठी आईने पुण्याहून गोडा मसाला आणि मेतकुटाबरोबर मूठभर कवड्याही पाठवल्या आहेत. एप्रिलमध्ये या वेळी अर्ध्या गटांना काठ्या आणि अर्ध्यांना कवड्या द्यायच्या ठरवल्या आहेत, आणि गुणांची कोष्टके त्यांनीच तयार करायची आहेत.